पांढऱ्या झेंड्याची चोरी

शेजाऱ्याच्या देशाचा झेंडा चोरल्याचा आळ मी खुद्द त्या शेजाऱ्यावरच घेतला. चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो.

इथे परदेशात, श्रूजबरीत, आमच्या शेजारी लिन राहतात, मूळचे तैवानचे. त्यांची मेई आणि माझी सई ही क्लबमधली बॅडमिंटनची जोडी. ऑलिंपिकमधली तैवानची मॅच आमच्याकडे बघायची ठरली, म्हणून मी हौसेने सुती झेंडा मागवून भिंतीवर लावला. पांढरा, मधोमध फूल आणि त्यात ऑलिंपिकची वर्तुळं.

लिननी तो पाहिला. "हा आमचा नाही. आमचा लाल, कोपऱ्यात निळ्यावर सूर्य."

"पण ऑलिंपिकमध्ये तुमचे खेळाडू ह्याच झेंड्याखाली खेळतात. नियम आहे तसा." (मी पुण्याचा. माणसाला त्याचाच देश समजावून सांगताना मला संकोच होत नाही.)

"तो नियम आम्ही नाही केला," लिन म्हणाले आणि चहा अर्धा टाकून गेले.

दुसऱ्या सकाळी झेंडा गायब.

"मागचं दार उघडं होतं. लिनच," मी बायकोला म्हटलं.

"अरे, साधा माणूस आहे तो," मेधा म्हणाली.

"म्हणूनच कोणाला संशय येत नाही."

मी पडद्याआडून पाळत ठेवली. दुपारी लिन डेकच्या कठड्यावर काहीतरी पांढरं वाळत घालताना दिसले. मी तडक कुंपणाशी गेलो. "झेंडा परत करा. पोलिसांत जाणार नाही मी."

लिननी ते शांतपणे उलगडून दाखवलं. टेबलक्लॉथ होता. एवढं होऊनही मी विचारलं, "मग झेंडा कुठे ठेवलाय?"

संध्याकाळी सई रडत आली. "मेई दुसरी पार्टनर शोधतेय, बाबा. बिकॉज ऑफ यू."

तिच्यासाठी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेलो, तर नळाला एक गाठोडं टांगलेलं. टपटप गळत होतं. कापडावर फूल होतं.

"आई, हे काय?"

"चक्का. मॅचला पाहुणे येणार ना, श्रीखंड करतेय," नाशिकहून आलेली माझी आई म्हणाली. "तुमच्या घरात एक धड पंचा नाही. हे भिंतीवर उगाच लटकत होतं. धुऊन घेतलंय हो."

मॅचच्या दिवशी सकाळी श्रीखंडाचा वाडगा घेऊन मी लिनकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी एक चमचा खाल्ला, मग दुसरा. "त्या झेंड्याचा आम्हाला पहिल्यांदाच काही उपयोग झाला," ते म्हणाले. आतून मेई हसल्याचं ऐकू आलं.

"मला माफ करा, लिन," मी म्हणालो. "मॅचला या. झेंडा तुमचा, तुम्हाला हवा तो आणा. फक्त जाताना आठवणीने घेऊन जा. आईला उद्या पनीर करायचंय."