सगळ्यांची गॅलरी

माझे धाकटे मामा जन्मभर चित्रकार म्हणून वावरले, पण एकही चित्र त्यांनी एकट्यानं काढलं नाही. कोऱ्या कागदासमोर एकटे बसले की ते परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे अवघडत. त्यांना माणसं लागत, आणि तीही एखाद्या छंदापायी घरच्यांची बोलणी खाणारी. शिवाजी पार्कात पहाटे फिरणाऱ्यांच्या मंडळाला त्यांनी ओल्या गेरूत पाय बुडवून लांबलचक पांढऱ्या कापडावर चालवलं. एक निवृत्त साहेब दुसऱ्या दिवशी हिरमुसून आले. "माझी पावलं पुसट उमटलीत हो." मामा म्हणाले, "मग चाला की पुन्हा, कापड तुमचंच आहे." खाली सगळ्यांची नावं, मामांचं सोडून. "सही केली की ते माझं एकट्याचं होईल ना रे," ते मला म्हणत.

शेवटचा उद्योग लालबागच्या एका चाळीत, तिथल्या बायकांच्या क्रोशे मंडळासोबत. त्या मामांना मास्तर म्हणत. चाळ पाडायची होती. ती रिकामी होण्याआधी अख्खी लोकरीत विणून कठड्यावर टांगायची, असा मामांचा ध्यास. "आपापली खोली विणा," त्यांनी सांगितलं आणि माप सांगायचं विसरले. कुणाची खोली रुमालाएवढी झाली, कुणाची चादरीएवढी.

"तुझी एवढीशी खोली, हा महाल कुठून आला गो?"

"आतून तेवढीच वाटते मला!"

गॅलरी मात्र कुणीच विणली नाही. "गॅलरी काय माझ्या एकटीची आसा?" एक मालवणी आजी म्हणाल्या, आणि ते सगळ्यांनाच पटलं. मग मामा रोज दारोदार हिंडले. अंगठा पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेल्या तपकिरी चपला बाहेर काढायच्या, आत बसून वीतभर गॅलरी मागायची. चहा सगळ्यांनी दिला, गॅलरी कुणीच नाही. "गॅलरीशिवाय ती चाळ नाही रे, खोल्यांची नुसती चळत आहे," हॉस्पिटलात ते मला म्हणाले. तिथून ते परतले नाहीत.

चाळ रिकामी होण्याच्या आदल्या आठवड्यात बायकांनी मला बोलावलं. कठड्यावर लोकरीची चाळ लटकत होती. गॅलरी होती, वाकडीतिकडी, प्रत्येकीच्या दारापुढे निराळ्या रंगाची. आणि प्रत्येक दाराबाहेर बोटभर लांबीच्या तपकिरी चपला, अंगठ्याला पांढरा टाका. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. त्या एकमेकींच्या चपलांकडे टकमक पाहत होत्या.

नंतर प्रत्येकीनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "मास्तर चहाला खरं तर माझ्याकडेच यायचे हां."

मी प्रत्येकीला हो म्हटलं.