शाहिरांचा गळा

तमाम रसिक मायबापांना जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या घरी आज ज्येष्ठमधाचा काढा उकळतो आहे. खोकला बायकोला झाला आहे. त्या वासाने मी मात्र थेट आसगावला, आमच्या शाहिरांच्या पडवीत जाऊन पडलो.

लहानपणापासून दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत त्यांची खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशा, पाहत आलो. त्यांचं प्रत्येक पद, मधल्या खाकरण्यासकट, मला हुबेहूब येत असे. आमच्या लाखनीत लोक मला शाहिरांची कॅसेटच म्हणत. तिशीत एकदाची हिंमत केली आणि नारळ घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो.

सुनेने आत घेतलं. शाहीर खाटेवर बसले होते. गळ्याला पांढरी पट्टी, गालात ज्येष्ठमधाची काडी.

"मामाजी आता बोलत नाही जी," ती म्हणाली. "आपरेशनात आवाज गेला. पन काडी काही सोडत नाही."

मी पाय धरले. तुमची सगळी पदं येतात, म्हणालो. शाहिरांनी हातानेच खूण केली, म्हण. मग मी डोळे मिटले, एक हात कानावर ठेवला आणि त्यांचंच पद त्यांच्याच आवाजात उचललं. तेव्हा वाटलं, जन्माचं सार्थक झालं. आज वाटतं, त्या घरात तो आवाज न्यायलाच नको होता.

कारण मागच्या अंगणात भांडी आदळली आणि शाहिरांची म्हातारी राखेने भरलेल्या हातांनी धावत आत आली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"आला का जी तुमचा गळा?"