दार बंद होईपर्यंत

आमच्या कंपनीत पगाराचं घड्याळ विमानाचं दार बंद झाल्यावरच सुरू व्हायचं. त्याआधी बॅगा वर चढवा, रडक्या पोरांना चुचकारा, मागच्या फेरीचा कचरा उचला, ते सगळं फुकटात. त्यातलं कचरा उचलणं तर करारातही नव्हतं. पण आम्ही मिनेसोटाची माणसं, समोर काम पडलेलं दिसलं की हात आपोआप पुढे होतो.

मार्लिस ब्राटेनचा हात तर सगळ्यात आधी पुढे व्हायचा. आमच्या डुलुथ गावच्या विमानतळावरची ती सगळ्यात जुनी एअर होस्टेस, म्हणून फेऱ्या निवडायचा पहिला मान तिचा. ती नेमाने संध्याकाळी घरी पोचवणाऱ्या फेऱ्याच घ्यायची. तिच्या नवऱ्याची, व्हर्नची, डावी बाजू अर्धांगाने गेली होती आणि रात्री पलंगावर निजवायला त्याला मार्लिसच लागायची. दुसऱ्या कुणाला तो हात लावू देत नसे.

मग कंपनीचं दिवाळं निघालं. कोर्टाने जुना करार मोडायला परवानगी दिली. नव्या करारात पगाराला कात्री लागली आणि फेऱ्या कंपनी ठरवणार असं आलं. पुढच्या महिन्यापासून मार्लिसच्या नशिबी परगावचे मुक्काम होते.

माझं डोकंच फिरलं. "संप करू या!"

"संप केला तर उद्याच हाकलतील, जोलीन," मार्लिस म्हणाली.

"मग काय त्यांच्या पाया पडायचं?"

"छे गं! कागदावर आहे तेवढंच करायचं."

दुसऱ्या दिवशी प्रवासी उतरले आणि मार्लिस पहिल्या रांगेत जाऊन बसली. मीही तिच्या शेजारी बसले. खाली बिस्किटांचा चुरा, चुरगाळलेले कागद. आमचा मॅनेजर क्रेग धावत आला.

"अगं, आवरत का नाहीस?"

"दार उघडं आहे, क्रेग. माझा पगार अजून सुरू झालेला नाही."

"आजपर्यंत करत होतीस ना!"

"आजपर्यंत तुम्हीही बरंच काही करत होतात."

"नोकरी जाईल तुझी!"

"करारात झाडलोट लिहिलेली दाखव, आत्ता उठते."

क्रेगने कोट काढला आणि स्वतःच खाली वाकला. मला हसू आवरेना. विमान उशिरा सुटलं. दोन दिवसांत सगळ्याच विमानांतल्या बायका अशा बसू लागल्या आणि कंपनीचं वेळापत्रक पार कोलमडलं.

पण आमचं विमान उशिरा म्हणजे मार्लिसही घरी उशिरा. ती पोचेपर्यंत व्हर्न खुर्चीतच ताटकळायचा, मान एका बाजूला पडलेली. एकदा तिला सोडायला गेले तेव्हा मी ते पाहिलं आणि मला रडूच आलं. मार्लिस रडली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या रांगेत बसली.

पुढच्या आठवड्यात क्रेग विमानात आला तो हातात कागद घेऊनच. पगार वाढणार नव्हता, पण फेऱ्या निवडायचा मान जुन्यांना परत मिळाला होता, तोही लेखी. मार्लिसने कागद नीट वाचला आणि सही केली.

"आणि पगाराचं काय?" मी फणफणले. "अजून आठवडाभर ताणू. नाक घासत येतील!"

मार्लिसने कचऱ्याची पिशवी केव्हाच झटकून उघडली होती.

"तो चुरा उचल आधी, जोलीन," ती म्हणाली. "व्हर्न खुर्चीत बसलाय."