मांडीवरचा डबा

वैत्तिलिंगमला तुम्ही कितपत ओळखत होता, असं कुणी विचारलं की पोन्नुदुरै गडबडून जातात. कितीतरी वर्षं दर शुक्रवारी ते त्याच्या जुन्या ऑस्टिनमध्ये, त्याच्या शेजारी बसून सन्निधीच्या देवळात गेले. पण त्याला कशाचा आनंद व्हायचा, काय मनाला लागायचं, यातलं काही त्यांना सांगता येत नाही. गाडी कुठे तापायची, तेवढं मात्र पाठ आहे.

आमच्या जाफन्यात चढ औषधालाही नाही, तरी ती तापायची. अच्चुवेलीच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ निघाली की वैत्तिलिंगम उतरायचा आणि वाट बघत उभा राहायचा. इंजिन निवलं की रेडिएटरचं झाकण उघडून न बोलता हात मागे करायचा. पोन्नुदुरै मांडीवरचा पत्र्याचा डबा घेऊन उतरायचे आणि त्या हातात द्यायचे. डब्यात पाणी वैत्तिलिंगमच्याच विहिरीचं; पोन्नुदुरै ते आदल्या संध्याकाळी भरून आणायचे. दुसरं त्याला चालत नसे.

"अख्ख्या कोंडाविल गावात माझ्या विहिरीइतकं गोड पाणी नाही," तो म्हणायचा. "गाडीला काय मचूळ पाजू?"

"गाडीला अमृत आणि आम्हाला ऊन!" मागून त्याची बायको अरसी म्हणायची. "पोन्नुदुरै अण्णै, तुम्हाला देवाला नेतात की गाडीला आंघोळ घालायला?"

पोन्नुदुरै हसायचे, पण शब्द मनात अडकून राहायचा. शुक्रवार सोडला तर त्यांना कुणी कुठे बोलावत नसे. इथेही सोबतीला बोलावतात की डबा धरायला, हे विचारायचं धाडस त्यांच्यात नव्हतं.

नाक्यावरच्या ड्रायव्हरांनी गाडीवर सगळे इलाज केले. पंख्याचा पट्टा ताणला, झाकण बदललं, थर्मोस्टॅट काढून टाकला. गॅस्केट गेलं असेल म्हणून ऑइलमध्ये पाणी उतरलंय का तेही पाहिलं. ऑइल स्वच्छ. गाडी तापायची ती तापायचीच. एकेक इलाज फसला की पोन्नुदुरैंना आतून हायसं वाटायचं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटायची.

शेवटी अरसीने बजावलं, "आता एकदा जरी तापली तर मी बसने जाईन."

मग नाक्यावरच्या राजरत्नमने तापलेलं इंजिन बंद करून रेडिएटर चाचपला. वरून चटका बसत होता, खालचा कोपरा मात्र गार.

"पाणी फिरतच नाहीये. आत चोंदलंय."

निवल्यावर नळी काढली, तर पांढऱ्या खपल्या गळाल्या. अरसीने एक उचलून नखाने खरवडली.

"अहो, ही तर माझ्या किटलीतली! तुमचं अमृत!"

नाका हसला. वैत्तिलिंगम तेवढा हसला नाही. विहिरीचा अपमान त्याने दोन दिवस मनात धरला. पण रेडिएटर साफ होऊन आला, आणि छपरावरून साठवलेलं पावसाचं पाणी त्याने मुकाट्याने भरलं. गाडी सन्निधीपर्यंत नुसती पळवून आणली. एक वाफ नाही.

शुक्रवारी पोन्नुदुरैंनी सवयीने धुतलेली वेष्टी नेसली, आणि मग ओसरीवरच बसून राहिले. डबा कोपऱ्यात पालथा घातला. आता कशाला बोलावतील?

हॉर्न वाजला. ते रिकाम्या हाताने कुंपणापाशी गेले.

"डबा कुठाय?"

"आता गाडी तापत नाही ना."

"मग?"

पोन्नुदुरैंनी मागे वळून ओसरीवरच्या पालथ्या डब्याकडे पाहिलं.

"आण जा. उशीर होतोय."

"पावसाचं भरा हं, अण्णै!" मागून अरसी ओरडली. "अमृत नको!"

पुढे कितीतरी शुक्रवार तो भरलेला डबा मांडीवर देवाला गेला आणि तसाच परत आला. त्याचं झाकण पुन्हा कधी उघडलं नाही. कारण ना पोन्नुदुरैंनी विचारलं, ना वैत्तिलिंगमने सांगितलं. त्याच्या आयुष्यातल्या शेवटच्या शुक्रवारीही कुंपणापाशी गाडी थांबवून तो एवढंच म्हणाला,

"पुढच्या वेळी जरा लवकर निघू. ऊन फार वाढलंय."

"बरं."

"डबा विसरू नकोस."

"नाही विसरत."