अध्यक्षांचे मिटलेले डोळे

मानवी बुद्धीच्या आवाक्याबाहेरच्या काही गोष्टी या जगात आहेत, हे मी आता मान्य करतो. एका माणसाच्या गळ्यात एका दुपारी चौदा हार पडले तरी त्याला लाज कशी वाटत नाही, ही त्यातली एक. दुसरी खाली सांगतो.

आधीच स्पष्ट करतो — मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा नाही. या ग्रुपवरचे अनुभव वाचतो ते बहुतेक वेळा हसायला. राहतो बारामतीत, नोकरी विमा ऑफिसात, छंद फोटोग्राफीचा. हौस मोठी, बजेट छोटं. इंदापूरच्या अन्वरभाईंनी स्टुडिओ बंद केला तेव्हा त्यांचा जुना मॅन्युअल फ्लॅश मी घेतला. प्रकाश मऊ पडावा म्हणून त्यावर दह्याचा पांढरा डबा कापून बसवला. एडिटिंग शिकलो ते फुकटच्या सॉफ्टवेअरवर, ऑफिसने मोडीत काढलेल्या लॅपटॉपवर.

माझी बायको वैशाली कोऱ्हाळे बुद्रुकला एका संस्थेच्या शाळेत शिकवते. अजून कायम झालेली नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण संस्थेच्या अध्यक्षांनी ते कायम लक्षात ठेवलेलं आहे. संस्थेच्या वाचनालयात त्यांचा सत्कार ठरला, 'वाचनसंस्कृतीचे शिल्पकार' म्हणून, आणि फोटो काढायला फुकटचा माणूस म्हणून मला बोलावणं आलं.

ते वाचनालय उभं केलं कोकरे गुरुजींनी. निवृत्तीनंतर सायकलला खताची गोणी बांधून हा माणूस घरोघर पुस्तकं मागत हिंडला. कपाटांवरचे आकडेसुद्धा त्यांच्याच हातचे. सत्काराच्या दिवशी ते शेवटच्या रांगेत, चपला काढतात तिथं बसले होते. मी सेटिंग बघत होतो तर जवळ येऊन हळूच म्हणाले, "साहेब, एक फोटो माझाबी घ्याल का? पुस्तकांसंगं माझा एकबी फोटो न्हाय."

मी म्हटलं, घेतो की.

कार्यक्रम अकराचा, म्हणजे साडेबाराला सुरू झाला. हॉलचं छत निळ्या पत्र्याचं. फ्लॅश वर मारला तर निळा उजेड पडून सगळे बुडून आल्यासारखे दिसतात. म्हणून डबा लावून समोरूनच मारला. एकूण बासष्ट फोटो. शाल, श्रीफळ, मानपत्र, हार, हार, हार. शेवटी कुणाला तरी आठवलं म्हणून अध्यक्षांच्या हस्ते एक नारळ द्यायला गुरुजींना पुढे ढकललं. अध्यक्षांनी त्यांच्याकडे 'हे इथं कसे' अशा नजरेनं पाहिलं. तो फोटो मी घेतला, मागे पुस्तकांची कपाटं होती.

रविवारी सकाळी लॅपटॉपवर बघतो, तर एकसष्ट फोटोंत अध्यक्षांचे डोळे मिटलेले. बाकी सगळ्यांचे उघडे, यांचेच मिटलेले. उघडे फक्त एकात — गुरुजींबरोबरच्या.

अन्वरभाईंना फोन केला. ते म्हणाले, काही फ्लॅश आधी एकदा मंद चमकतात, तेव्हा काही लोक डोळे मिटतात. पण हा फ्लॅश तसला नाही. एकदाच चमकतो. माणूस डोळे मिटेपर्यंत फोटो निघून गेलेला असतो. मग म्हणाले, "एकसष्ट? शक्यच न्हाय. पुन्हा मोजा."

पुन्हा मोजले.

तो एक फोटो अध्यक्षांना पाठवला. लगेच फोन आला. छान आहे म्हणाले, चौकात फ्लेक्स करायचाय. फक्त ते म्हातारं काढा.

मी म्हटलं, वाचनालय त्यांचंच आहे ना.

"व्हय तर. पर फोटो माझा हाय. आन वैशालीताईंना कायम करायचा प्रस्ताव बी हाय की आमच्याकडं."

आवाज अगदी गोड. मला प्रचंड राग आला. तरी मी गुरुजींना फोटोतून काढलं. त्यांच्या जागी दुसऱ्या फोटोतलं कपाट आणून बसवलं, त्यांनीच आकडे टाकलेलं. काम इतकं सफाईदार झालं की स्वतःचीच किळस आली.

सेव्ह केलं. उघडलं. अध्यक्षांचे डोळे मिटलेले.

मूळ फाइल उघडली — उघडे. नुसता अध्यक्षांचा भाग क्रॉप केला — मिटलेले. उघडे डोळे कापून दुसऱ्या फोटोवर चिकटवले. स्क्रीनवर उघडे, सेव्ह करून पाहिलं तर मिटलेले. लॅपटॉप जुना आहे म्हणून वैशालीच्या मोबाईलवर सगळं पुन्हा केलं. तेच. ती शेजारीच बसली होती. म्हणाली, "राहू दे. बंद कर ते." ती घाबरली नव्हती. माझ्यावर चिडली होती, आणि तिचं बरोबर होतं.

सोमवारी अध्यक्षांना खरं ते सांगितलं, की गुरुजी काढले की डोळे मिटतात. त्यांनी माझ्याकडे, मग मी दाखवायला नेलेल्या फ्लॅशवरच्या दह्याच्या डब्याकडे पाहिलं. "तुमचं सामानच भंगार हाय. गॉगल लावा त्या फोटूला." नाही म्हणालो. म्हटलं, प्रस्तावाचं काय करायचं ते करा. प्रस्ताव आजही त्यांच्या टेबलावर आहे. गुरुजींना काढून गॉगल फ्लेक्सवाल्याने लावला.

मी मूळ फोटोची प्रिंट काढून गुरुजींना द्यायला गेलो, आणि मी काय केलं होतं तेही सांगितलं. त्यांनी फोटो हातात घेतला. कपाटाचे आकडे वाचता येतात का ते आधी पाहिलं. मग म्हणाले, "चांगला हाय. ह्यातनं ह्यांना काढता येतंय का?"

घरी येऊन अध्यक्षांना काढलं. पाच मिनिटं लागली. सेव्ह केलं, उघडलं. गुरुजींचे डोळे जसेच्या तसे, उघडे.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. फाइली जपून ठेवल्या आहेत, कुणा जाणकाराला बघायच्या असतील तर दाखवीन.

गावात मात्र स्पष्टीकरण सगळ्यांकडे आहे. चौकातल्या फ्लेक्सवर भर वाचनालयात काळा गॉगल लावलेले अध्यक्ष बघून लोक सांगतात, त्या आठवड्यात त्यांना डोळे आले होते.