आधी माणसं, मग रेडिएटर

"गाडीले नंतर पाहू. आधी माणसं उतरू द्या. एक-एक करून."

गाडी दारात थांबली की मिस्त्रीचं पहिलं वाक्य हेच. बॉनेटमधून वाफेचे लोट निघत असोत, सायलेन्सर रस्त्यावर घासत येवो, त्याला घाई नसे. उतरलेल्या माणसांना तो रांगेत उभं करायचा, डोळे बारीक करायचा आणि पान्याचं टोक एकेकाच्या छातीवर टेकवून विचारायचा, "तू काय केलं?"

असा मिस्त्री तुमच्याही गावात असेल. पण आमच्यासारखा नसेल, हे मी पैजेवर सांगतो. यवतमाळ संपता संपता, लोहाऱ्याच्या रस्त्यावर एका चिंचेखाली त्याचं टिनाचं छप्पर होतं. सगळे पाने तो सुतळीनं कमरेला बांधून फिरायचा. चालू लागला की लांबून टांगा आल्यासारखं वाटे आणि लोक बाजूला होत. चहा आला की पहिला घोट चहावाल्यानं घ्यायचा, विष नाही ना ते पाहायला. त्या घोटांवर चहावाला इतका सुटला, की त्याचा ठेला मोठा करावा लागला. मिस्त्री दुपारी लवंडला तरी एक डोळा उघडा ठेवायचा. त्या डोळ्याला खिडकी समजून एकदा चिमणी काड्या घेऊन आली, ही गोष्ट मी स्वतः पसरवली. पुढे तीच गोष्ट मला एका वकिलानं शपथेवर सांगितली.

लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर त्यानं म्हणे भटजींना विचारलं, "दाखोली होती ते हेच ना?" ही हकिगत त्याची बायकोच सांगायची आणि वर म्हणायची, "मीबी तेच इचारणार होती, पण यानं आधी तोंड खोललं."

माझी न् त्याची गाठ पडली ती एका उकळणाऱ्या ट्रकमुळे. एका शेठजींकडे मी ड्रायव्हर होतो. फुलसावंगीला कापूस भरायचा आणि यवतमाळच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, आणून टाकायचा, हे काम. ट्रक लढाईनंतर लिलावात निघालेला. त्याचं मूळचं पेट्रोलचं इंजिन काढून कोणीतरी डिझेलचं बसवलेलं. सुरू केला की फुलसावंगीची कुत्री महागावात जाऊन भुंकत. तरी धावायला बरा होता. मग एका हंगामात तो तापायला लागला. आर्णीच्या अलीकडे एक चढ आहे. तिथं आला की काटा लाल खुणेवर, झाकणातून शिट्टी, आणि वाफ अशी की आजूबाजूच्या शेतांतल्या बाया आभाळ आलं समजून वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करू लागत.

मी गाडी थांबवायचो, थंड व्हायची वाट पाहायचो, पाणी ओतायचो, पुढे निघायचो. जिनात पोचायला उशीर व्हायचा.

शेठजींनी हिशेब मांडला तो असा. चढाच्या अलीकडे या ड्रायव्हरचा तांडा आहे. दुपारी हा तिथं जेवायला थांबतो. तिथून निघाला की गाडी तापते. म्हणजे तापत नाही, हा तापवतो, आणि आडोशाला कापूस उतरवतो.

"गाडी तुझ्याच तांड्यानंतर कशी गरम होते रे?" त्यांनी विचारलं.

 आम्ही लमाण. आमच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथे घातले. त्या तांड्यांच्या फिरतीला आम्ही लदेणी म्हणतो. लदेणी बंद पडून आता आम्ही शेती करत होतो. पण तांड्याचं नाव निघालं की चौकीतला जमादार अजूनही डोक्यावर टोपी चढवायचा. पुराव्याची गरज त्याला पडत नसे.

"अजून एकदा उकळली," शेठजी म्हणाले, "तर चावी देऊन टाकायची. आणि मी चौकीत सांगणार. तुझ्या एकट्याचं नाही, सगळ्या तांड्याचं नाव."

त्याच पावली ट्रक घेऊन मी चिंचेखाली गेलो.

मिस्त्रीनं माझ्या छातीवर पाना टेकवला. "तू काय केलं?"

"काहीच नाई."

"असं म्हणणारे लई पाह्यले." मग त्यानं बॉनेट उघडलं.

त्यानं आधी पंख्याच्या पट्ट्यावर संशय घेतला. पट्टा सैल निघाला, ताणला. गाडी पुढच्या खेपेला उकळली. मग तो रेडिएटरच्या जाळीपुढे उकिडवा बसला. जाळीत सरकीच्या तुसासकट कापूस अडकलेला. त्यानं तो चिमट्यानं उपसला. निघालेल्या कापसात एका माणसाची गादी झाली असती. मी तर सांगताना गादीत उशीही घालतो. "जिनातलं कोणीतरी मुद्दाम भरून राह्यलं," मिस्त्री म्हणाला. गाडी पुन्हा उकळली. मग झाकणाचं रबर बदललं. मग रेडिएटरात बुडबुडे येतात का ते पाहिलं, कारण त्याचा संशय हेडच्या गास्केटवर होता. बुडबुडे नाहीत. ते नाहीत म्हणून त्याचा संशय आणखी वाढला. फुलसावंगीच्या विहिरीचं पाणी त्यानं बाटलीत मागवलं, जिभेवर घोळवलं आणि थुंकलं. "या विहिरीनं घात केला," असं जाहीर केलं. मी लांबच्या विहिरीचं पाणी भरू लागलो. गाडी उकळलीच.

यातल्या प्रत्येक उकळीनंतर चावी गेलीच असं मला वाटे. पण प्रत्येक वेळी मिस्त्री शेठजींना सांगायचा, "अजून चौकशी चालू हाय," आणि ते असं, की शेठजींना स्वतःचीच चौकशी चालू असल्यासारखं होई.

शेवटी त्यानं गरम रेडिएटरवर तळहात ठेवला आणि तापात फणफणलेल्या पोराला चाचपावं तसा वरपासून खालपर्यंत फिरवला. वर चटका बसला. खाली एका बाजूला हात थांबला.

"इथं थंड हाय," तो म्हणाला. "पाणी इथं पोचतच नाई. नळ्या बुजल्या." झाकण उघडून त्यानं नाक लावलं, दोनदा हुंगलं आणि माझ्याकडे वळला. "काहून बे, याले कोणी जेवू घालून राह्यलं काय?"

रेडिएटर धुऊन दिला. पहिली खेप थंड गेली. दुसरीला पुन्हा तेच. तेव्हा मिस्त्रीनं दुकानाला कडी घातली, कडीला कुलूप घातलं, कुलपाला सुतळी बांधली आणि तो फुलसावंगीपासून माझ्या शेजारी बसून निघाला. रस्ताभर तो काट्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त पाहत होता. वाटेत एका बैलगाडीनं बाजू दिली नाही, तर तिच्यातल्या म्हशीच्या पारडाचाही त्याला संशय आला.

दुपारी तांड्यावर थांबलो. याडीनं भाकरी न् ठेचा वाढला. याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. मिस्त्रीनं पहिला घास मला खायला लावला. दुसऱ्या घासाला तो एकदम थांबला आणि त्यानं माझं मनगट पकडलं.

कुडाच्या फटीतून ट्रक दिसत होता. माझे वडील, माझा बा, पाय ओढत ट्रककडे चालले होते. हातात पितळी तांब्या. त्यांनी पागोट्याचं टोक झाकणावर धरलं, झाकण हलकेच सैल केलं, वाफ जाऊ दिली. मग बॉनेटवर थाप मारली, तशीच, जशी बैलाच्या वशिंडावर मारत. आणि तांब्या रेडिएटरात ओतला.

मी उठणार, तर मिस्त्री दबक्या आवाजात म्हणाला, "गप." मग तो सावकाश बाहेर गेला. त्याचे सगळे पाने वाजले.

"रामराम काकाजी. काय पाजून राह्यले?"

"आंबील," बा म्हणाले. ज्वारीच्या पिठाची आंबवलेली पातळ पेज. उन्हातून आलेल्या जनावराला आमच्याकडे तीच देत. "इतक्या दुरून वझं घेऊन येते बिचारी. तोंडातून वाफ निघते. तुमी तिले नुसतं पाणी पाजता? लदेणीच्या बैलाले आमी कधी नुसतं पाणी नाई पाजलं. माया पोरगा हिच्या भरोशावर चढ चढते."

 आयुष्यभर ज्या गुन्हेगाराला मिस्त्री शोधत होता, तो तांब्या हातात घेऊन समोर उभा होता, आणि तो माझा बाप होता. मिस्त्री आता यवतमाळपर्यंत ओरडत जाणार, असं मी धरून चाललो.

तो ओरडला नाही. रेडिएटरात डोकावला, तांब्यात डोकावला.

"काकाजी," तो म्हणाला, "हे जनावर विलायती हाय. त्याले आपली आंबील पचत नाई. आतडं बसलं त्याचं."

बांचा चेहरा उतरला.  "मंग मीच माराले निंघालो होतो काय हिले?"

"तुमी नाई. लोकं लई खराब असतात. कोणीबी येऊन काहीबी पाजीन." मिस्त्रीनं आवाज खाली आणला. "तुमच्यासारखा जाणता माणूस राखणीले पाहिजे. गाडी इथं थांबली की झाकणापाशी उभे राहा. माया बाप आला तरी खोलू देऊ नका."

बांनी तांब्या खाली ठेवला आणि काठी घेऊन ते बंपरपुढे उभे राहिले. मिस्त्री रेडिएटर रिकामा करायला पुढे झाला, तर काठी आडवी.

"आता काय झालं?"

"तुमीच सांगतलं ना, कोणाले खोलू देऊ नका."

"अरे, मी मिस्त्री हाव!"

"हे कोणबी म्हणन."

मी मध्ये पडलो, तर बा माझ्याकडेही त्याच नजरेनं पाहू लागले. याडीनं येऊन दोघांची खात्री दिली तेव्हा कुठे काठी हलली. मिस्त्री हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं. दात होते त्याला. "असा एक माणूस मले गॅरेजात पाहिजे होता," तो म्हणाला.

आतलं पाणी सोडून, साधं पाणी भरून, जीव मुठीत धरून आम्ही यवतमाळ गाठलं. चिंचेखाली त्यानं धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवला, रेडिएटर उलटा करून खालच्या तोंडानं ओतला. नालीत पांढुरक्या गाठी पडू लागल्या. इतक्या, की त्यावर लोहाऱ्याच्या सगळ्या कोंबड्यांचं जेवण झालं. आणि नेमके त्याच वेळी शेठजी आले.

"हे काय आहे?"

मिस्त्री सोड्याचं पाणी ओततच राहिला.

"पीठ आहे ना हे? गाडीत पीठ कोणी घातलं?" ते माझ्याकडे वळले. "तांड्यावर घातलं ना?"

मी तोंड उघडलं. मिस्त्रीनं टाच माझ्या अंगठ्यावर दिली, पान्यांच्या वजनासकट.

"मी घातलं," तो म्हणाला. "नळी आधीपासून गळत होती, म्हून तापे. गळती बंद कराले हळद अन् पीठ टाकतात. अंदाज चुकला माया. जास्त झालं."

"म्हणजे इतके दिवस या पोरावर मला संशय घ्यायला लावला तो तू?"

"हो सेठजी. मिस्त्री लोकांवर भरोसा ठेवू नये."

शेठजींनी त्याला जे सुनावलं ते चिंचेवरच्या कावळ्यांनीही पुन्हा तोंडातून काढलं नाही. माझी चावी माझ्याकडे राहिली. चौकीत कोणी गेलं नाही. पण शेठजींच्या गाड्या त्या दिवसापासून चिंचेखाली थांबेनात. हा मिस्त्री इंजिनात पीठ घालतो, ही गोष्ट गावभर झाली. ती मी पसरवली नव्हती, आणि माझ्या गोष्टींपेक्षा ती लवकर पसरली.

शेठजी गेल्यावर मी विचारलं, "काहून सांगतलं तुमी असं?"

तो पाने सुतळीला बांधत होता. "तुयावर माया संशय हायच. पण तो माया हाय. सेठले कायले देऊ?"

वर्षभरात टिनाचं छप्पर निघालं. कोणी म्हणे तो वणीकडे गेला, कोणी म्हणे नदीपलीकडे निजामाच्या जुन्या मुलखात. मी चौकशी केली, पण त्याला शोधायला त्याच्यासारखाच माणूस लागला असता.

मग काही वर्षांनी राळेगावच्या रस्त्याचं काम चाललं होतं. गिट्टी पसरलेली, आणि तिच्यावर एक म्हातारा डिझेलचा रोलर गोगलगायीला लाज वाटेल इतक्या सावकाश चाललेला. मी हॉर्न दिला. चालवणाऱ्यानं वळून पाहिलं, डोळे बारीक केले.

मी उडी मारून धावत गेलो. रोलर चालत होता, मी बाजूनं चालत होतो. नमस्कार-चमत्कार त्याच्या स्वभावात नव्हता.

"बुढा कसा हाय?" त्यानं विचारलं.

"गेले. मागच्या उन्हाळ्यात."

"कायनं?"

"वय झालं होतं."

"नक्की?"

"मी जवळच होतो. डोकं माझ्याच मांडीवर होतं."

 रोलर थोडं अंतर तसाच गेला. मागे बैलगाड्यांची रांग लागली होती, मुकादम लांबून हात हलवत येत होता. त्या जातीचा जुना रोलर एकदा बंद पडला, की पुन्हा सुरू करायला धट्टीकट्टी माणसं आळीपाळीनं हँडल मारून बसकण मारतात.

मिस्त्रीनं हात लांबवला आणि रोलर बंद केला.