लाल शाईतली ॲलर्जी

बावीस वर्षांच्या नोकरीत तिने एकही काम पुढच्या पाळीवर ढकललं नव्हतं. पुरुषांच्या वॉर्डातल्या या सिस्टरला सगळे घड्याळबाई म्हणायचे. वरवर ती नाक मुरडायची, पण आतून तिला ते नाव आवडायचं. दुपारी दोनच्या ठोक्याला तिच्या सगळ्या सह्या झालेल्या असायच्या. पाळी घ्यायला येणारी पोरगी म्हणायची, "तुमच्यानंतर आलं की आम्हाला माश्या मारायचंच काम उरतं."

त्या दिवशी मात्र सगळं गणित बिघडलं. सात नंबरच्या कॉटवर स्कूलबसचे एक ड्रायव्हरकाका होते. उजव्या पायात खिळा घुसून जखम चिघळली होती आणि जंतू रक्तात उतरले होते. त्यांना दिवसातून दोनदा व्हॅन्कोमायसिन चालू होतं. साध्या औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंसाठीचं हे औषध सलाईनमध्ये मिसळून थेंबाथेंबाने, निदान तासभर घेऊन शिरेत सोडायचं असतं. डोस बाराचा होता, पण सुईपाशी हात सुजला. नवी शीर सापडून बाटली लागेपर्यंत दीड वाजला.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चालू बाटली दुसरीच्या हाती सोपवणं काही गुन्हा नव्हता; बाकीच्या सगळ्या सिस्टर सोपवायच्या. ती सोपवायची नाही. तिने नळीवरचं चाक अंगठ्याने पुढे सारलं आणि थेंबांची धार झाली.

दहा मिनिटांत काका मान खाजवायला लागले. चेहरा, गळा, छाती लालबुंद. "ताई, अंगाची नुसती आग होतेय." ब्लडप्रेशरही उतरलं. तिने चाक बंद केलं, त्यांचे पाय उंच केले, डॉक्टरांना बोलावलं. एवढं सगळं तिने चोख केलं. मग त्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "किती वेगाने चालू होतं, सिस्टर?"

"तासाच्या हिशेबानेच, सर."

शब्द आधी निघाले, कळलं मागाहून. घड्याळबाईच्या बोलण्यावर शंका कोण घेणार? डॉक्टरांनी केसपेपरवर लाल शाईने लिहिलं : व्हॅन्कोमायसिनची ॲलर्जी. पुन्हा देऊ नये. हे औषध भराभर सोडलं की असंच होतं, ती ॲलर्जी नव्हे, आणि हळू सोडलं तर बहुतेकांना सोसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने तो केसपेपर तसाच फाईलला लावला.

दुसऱ्या औषधाने काका त्या वेळी बरे झाले. घरी निघताना काकूंनी तिचे दोन्ही हात धरले. "तुम्ही वेळेवर बाटली बंद केलीत, म्हणून हे आज दिसतायत." तेव्हाच सांगायला हवं होतं. ती म्हणाली, "काळजी घ्या."

दीड वर्षाने काका परत आले. त्याच पायाचं हाड आता आतून सडायला लागलं होतं. काकूंनी पिशवी खाली ठेवायच्या आधी टेबलावर एक कार्ड ठेवलं. प्लास्टिकमध्ये घातलेलं, काकूंच्याच अक्षरातलं : यांना व्हॅन्कोमायसिन देऊ नका, जिवाला धोका आहे. "कायम खिशात असतं यांच्या," काकू म्हणाल्या. "तुमच्यामुळेच तर कळलं."

सिस्टरला कार्डाकडे बघवेना.

वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी दुसरी औषधं सुरू केली. एक पुरेसं लागू पडेना, दुसऱ्याने पोटात अन्न ठरेना. ताप हटत नव्हता. रोज राउंडला ती मॅडमच्या बाजूला फाईल धरून उभी राहायची, आज सांगू म्हणायची, आणि राउंड पुढच्या कॉटवर जायचा. पाचव्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "रिपोर्टप्रमाणे व्हॅन्कोमायसिनने काम झालं असतं. पण हात बांधलेत. पायाची बोटं काळी पडतायत."

राउंड संपल्यावर ती त्यांच्या खोलीत गेली. "मॅडम, ती ॲलर्जी नव्हती. मी बाटली जोरात सोडली होती. दोनच्या आत संपवायची म्हणून. आणि सरांना खोटं सांगितलं."

मॅडमनी चष्मा काढला. "पाच दिवस तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात."

"हो."

"पेशंटला तुम्हीच सांगा. मी सोबत येते."

कॉटपाशी तिने सगळं सांगितलं. नजर चादरीवरून वर जात नव्हती. काका तापातच म्हणाले, "म्हणजे मला काही नव्हतंच?"

"नव्हतं, काका. घाई माझी होती."

काकू टॉवेलची घडी घालत होत्या. ती पुरी करून त्यांनी उशाशी ठेवली. "मी चार लोकांत तुमचं उदाहरण द्यायचे," त्या म्हणाल्या. मग मॅडमकडे वळल्या. "औषध द्या. पण बाटली दुसऱ्या कोणाला तरी लावू द्या."

औषध किडनीला सोसेल ना, हे बघायला काकांची रक्ततपासणी झाली आणि दुसऱ्या सिस्टरने बाटली लावली. पूर्ण दोन तास. घड्याळबाई दाराबाहेर रिकाम्या हातांनी उभी होती. काकांच्या अंगावर लाल ठिपकासुद्धा उठला नाही. मग औषधाचं रक्तातलं प्रमाण तपासत डोस ठरत गेला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. हाड वाचलं, पण पायाची दोन बोटं तोवर निकामी झाली होती. ती काढावी लागली. केसपेपरवरची लाल ओळ मॅडमनी खोडून खाली खरं कारण लिहिलं.

चौकशी झाली. सहा महिने तिला औषधांच्या भांडारात बसवलं. काकांना पुन्हा बस चालवता आली नाही. त्याच बसवर ते मुलांना चढवायला-उतरवायला जाऊ लागले. ती एकदा त्यांच्या घरी गेली होती. काकांनी आत बोलावलं, पाणी दिलं, पायाचं ठीक आहे म्हणाले. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

आता ती वॉर्डात परत आली आहे. नव्या मुलींची तुकडी आली की व्हॅन्कोमायसिनची बाटली ती स्वतः लावून दाखवते, आणि ते चाक कोणी ढकललं होतं तेही सांगते. मुली ओशाळून खाली बघतात. मागच्या तुकडीतल्या एकीने धीर करून विचारलं, "पण ते परत आले तेव्हा पाच दिवस का थांबलात?"

"लाज वाटत होती," ती म्हणाली, आणि घड्याळाकडे न बघता थेंब मोजायला लागली.